नव्वद हजारांच्या गोंगाटात

सहायक कोचशी लग्न करणाऱ्या बाईनं पडदे शिवायच्या भानगडीत पडू नये. पहिल्या तीन-चार गावांत मी शिवले. माप घेऊन, कापड निवडून, इस्त्रीबिस्त्री करून. मग कळलं की संघ हरत राहिला की कॉलेज मुख्य कोचला काढतं, आणि तो निघाला की त्याचे सगळे सहायकही बिऱ्हाड उचलून निघतात, मग त्यांचं काम कितीही चोख असो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं. माझा नवरा ऑरिन टॅकेट हा जन्मभर ते ओलं लाकूड होता. केंटकी, ओक्लाहोमा, मोंटाना, दोनदा टेक्सस, आणि शेवटी वेस्ट व्हर्जिनियातलं हे ब्रॅडिक. इथं मी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली आणि गप्प बसले.

ऑरिन अमेरिकन फुटबॉलमधला लाईनचा कोच. म्हणजे चेंडूपाशी वाकून उभ्या राहणाऱ्या पाच धिप्पाड पोरांचा. मधला एकटा चेंडू पायांमधून मागं देतो. बाकी चौघांचा चेंडूला हातही लागत नाही. समोरून अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं आणि मागच्या पोराला पळू द्यायचं, एवढंच काम. नीट झालं तर टाळ्या मागच्याला, चुकलं तर शिव्या ह्यांना. घरातल्या थोरल्या सुनेची गत. ऑरिनला हीच पोरं आवडायची. तो म्हणायचा, "मागचे पळतात ते स्वतःसाठी. माझी पोरं दुसऱ्यासाठी मार खातात."

त्याला ऐकू येत नाही हे माझ्या लक्षात यायला दोन गावं गेली. त्यात माझा काय दोष? नवरे ऐकत नाहीत हे जगजाहीर आहे. मी हाका मारायची, तो पेपर वाचायचा, मला वाटायचं संसार सुरळीत चाललाय. मग मोंटानात एकदा माझ्या हातून लोखंडी तवा त्याच्या पाठीमागं फरशीवर पडला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. ऑरिननं मान वळवली नाही.

डॉक्टर म्हणाला, कानातल्या नसा मरत चालल्यात, यंत्र लावा. ऑरिन गाडीत येऊन बसला. मग स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "ग्लेना, आमच्यात लंगडा कोच चालतो. पोट सुटलेला चालतो. दारुडासुद्धा चालतो गं. पण बहिरा नाही चालत. हेडसेटमधून आलेला हुकूम ऐकायचा, ह्यालाच आम्हाला पगार देतात."

"मग काय करणार?"

तो माझ्या ओठांकडे बघत होता. "तुझ्याकडं बघत बसणार," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे ऐकायला मिळालं, तेही अशा कारणानं.

त्यानं लपवलं आणि मी मदत केली. आजही मला त्याची तसूभर लाज वाटत नाही. तो ओठ वाचायला शिकला. फोन मी घ्यायची, नव्या पोरांच्या आयांना सांगायची, "कोच मैदानावर आहेत, मला सांगा." तो बोलताना ओरडायचा, पण लाईनचे कोच ओरडतातच, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. आणि घरात आमच्या खुणा ठरल्या. मी कानाची पाळी ओढली की फोन वाजतोय. कोपर चोळलं की दाराशी कुणीतरी आलंय. नाक चोळलं की तू फार ओरडतोयस, हळू बोल. पालथा पंजा खाली दाबला की थांब, बस इथंच. हे इतकं अंगवळणी पडलं की पाहुण्यांसमोरही आम्ही करत असू आणि आमचं आम्हालाही कळत नसे.

पाहुणे म्हणजे दर गुरुवारी त्याची पोरं. लाईनच्या कोचनं आपल्या पोरांना गुरुवारी जेवू घालायचं, ही आमच्यातली रीतच आहे. लाल बीन्स, डुकराचं भाजलेलं मांस, बटाट्याचा लगदा, आणि कॉर्नब्रेडच्या, म्हणजे मक्याच्या पावाच्या, पराती. हो, पराती. ब्रॅडिकचा मधला पोऱ्या लोंझो बर्डवेल एकटाच अर्धी परात संपवायचा आणि वर निर्लज्जपणे विचारायचा, "मिस ग्लेना, मला वासावरून वाटतंय अजून एक आत आहे."

"वासावरून काय रे? उघडून बघितलंस तू."

"बघितलं, पण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं."

हा लोंझो, डाव्या टोकाचा टीग मार्चंड, आणि बाकी तिघे. खुर्च्या पुरायच्या नाहीत म्हणून फरशीवर बसायचे आणि आमच्याकडं बघत जेवायचे. मला वाटायचं पोरं घराला भुकेली आहेत.

ऑरिन शिकवायचाही विचित्र. बाकीचे कोच शिट्ट्या फुंकतात, आकडे पुकारतात. हा पोरांना म्हणायचा, "तोंड बंद. बघा. शेजाऱ्याचा खांदा कुठं जातोय ते बघा." सगळा सराव मुक्यानं. इतर सहायक हसायचे, म्हणायचे म्हातारा चर्चमधली प्रार्थना घेतोय. पोरं मात्र कधी हसली नाहीत.

जोवर कानात थोडा जीव होता तोवर हेडसेटचा आवाज पूर्ण वाढवून भागलं. ब्रॅडिकला आलो तोवर तेही संपलं होतं. तरी जुना मुख्य कोच भला होता, तोंडासमोर येऊन बोलायचा. गेल्या वर्षी त्याला काढलं. ह्या वेळी आम्ही मात्र राहिलो, कारण नवा आला त्याला लाईनच्या पोरांनी सांगितलं, ऑरिन कोच गेले तर आम्हीही जाऊ. नवा म्हणजे गॅरिक प्रुइट. चाळिशीही न गाठलेला, हुशार, मानी. सामन्यात बोलताना तो तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, ज्यावर डाव लिहिलेले असतात तो. समोरच्या संघानं ओठ वाचू नयेत म्हणून हल्ली सगळेच धरतात. समोरच्यांचं काय व्हायचं ते होवो, माझ्या नवऱ्याचं मात्र दारच बंद झालं.

ऑक्टोबरात घरच्या सामन्यात टीगचा घोटा मुरगळला. प्रुइट पुठ्ठ्याआडून हेडसेटमध्ये ओरडला, टीगला बाहेर काढा. ऑरिनला ऐकू आलं नाही. पुढच्याच डावात तो घोटा मोडला. प्रुइट सगळ्यांसमोर ऑरिनच्या अंगावर गेला, "मी सांगितलेलं ऐकायचं नसेल तर इथं कशाला आलात?" ऑरिननं खाली मान घातली. हट्टी म्हटलेलं त्याला चाललं, बहिरा म्हटलेलं चाललं नसतं. दुसऱ्या दिवशी प्रुइटनं त्याला बोलावून सांगितलं, "सीझन संपला की आपण बोलू."

आमच्या धंद्यात 'आपण बोलू' ह्याचा एकच अर्थ असतो. आणि एकसष्टाव्या वर्षी लाईनच्या कोचला पुन्हा कुणी विचारत नाही. ऑरिन घरी आला आणि मोजे न काढता पलंगावर आडवा झाला. मी विचारलं, "सांगून टाकतोस का त्याला खरं?" तो म्हणाला, "सांगितलं तर आज जाईन. नाही सांगितलं तर नोव्हेंबरात जाईन. मला नोव्हेंबरापर्यंत पोरं मिळू देत."

नोव्हेंबरात शेवटचा सामना दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठाकडं होता. मोठे लोक आपलं मैदान भरावं आणि आपली पोरं खूश व्हावीत म्हणून आमच्यासारख्या लहान कॉलेजांना मार खायला बोलावतात, आणि मार खाण्याची बिदागीही चांगली देतात. आपण जायचं, मुकाट्यानं पडायचं, त्यांच्या बँडचं कौतुक करायचं आणि बस पकडायची. तिथलं मैदान नव्वद हजारांचं. पाहुण्यांचा चेंडू असला की ते सगळे मिळून असे किंचाळतात की मागं उभं राहून डाव पुकारणाऱ्या, चेंडू मागणाऱ्या क्वार्टरबॅकचा आवाज समोर दोन हातांच्या अंतरावर वाकलेल्या पोरांना ऐकू येत नाही. मग कुणीतरी वेळेआधी हलतो. वेळेआधी हललं की शिक्षा, पाच यार्ड मागं. पुन्हा हललं, पुन्हा मागं. असा संघ पाऊलपाऊल मागं जातो आणि नव्वद हजार माणसं हसतात. मी ते टेक्ससात बघितलंय. लाईनच्या कोचसाठी त्याहून मोठी बेअब्रू नाही.

त्या आठवड्यात प्रुइटनं सरावाला मोठाले भोंगे लावले. गावातली कुत्री पळाली. सगळे कोच कानांत बोळे घालून हातवारे करत होते आणि ऑरिन भोंग्याला टेकून कॉफी पीत होता. प्रुइटला तो उद्धटपणा वाटला असणार.

शनिवारी मी पाहुण्यांच्या कोपऱ्यात, अगदी वर, पोरांच्या घरच्यांबरोबर बसले. शेजारी लोंझोची आई अर्नेस्टीन. ती शाळेची बस चालवते, त्यामुळं गोंगाटाला ती भीत नाही. पण इथं तिनंही माझा दंड धरला.

"ग्लेना, हे लोक माझं पोर खातील गं."

"तुझं पोर? उलट त्यांनी जपावं. त्याच्या पुढ्यात काही टिकत नाही."

"हसू नकोस. मला उलटी होईल."

आमच्याकडं चेंडू आला आणि तो आवाज उठला. मी आयुष्यभर मैदानांवर बसलेय, पण तसा आवाज ऐकला नव्हता. तो कानांनी ऐकायचा आवाजच नव्हता; बाक हलत होतं, दात वाजत होते. खाली आमचा क्वार्टरबॅक तोंड उघडून काहीतरी ओरडत होता आणि त्याचा शब्द त्याच्याच गळ्यात मरत होता. आमच्या बाकीच्या पोरांनी कानांवर हात ठेवले. ती पळणारी, झेलणारी पोरं, ज्यांचे फोटो छापून येतात, ती बावरून एकमेकांकडं बघत होती.

"आता हलतील," अर्नेस्टीन बोटांमधून बघत म्हणाली. "आता हलतीलच."

पाच पोरं वाकली, टीगच्या जागी ऑरिननंच तयार केलेला बदली पोऱ्या. हलली नाहीत. लोंझोच्या शेजारच्यानं मान वळवून मागं बघितलं, क्वार्टरबॅकनं पाय उचलला, शेजाऱ्यानं लोंझोच्या मांडीला हात लावला, आणि पाचही जण एकदम उठले. एकदम म्हणजे एका अंगाचे असावेत तसे. समोरचे, त्यांच्याहून वजनानं भारी, वेगानं भारी, अर्धा क्षण मागं पडले. तेवढ्यात आमचा पळणारा भोकातून निघून गेला होता.

पुन्हा तेच. पुन्हा. नव्वद हजार माणसं घसा फोडत होती आणि मध्ये ती पाच पोरं अशा शांततेत काम करत होती जशी आमच्या कॉलेजमागच्या मैदानात मंगळवारी दुपारी करतात. आवाजाची त्यांना गरजच नव्हती, म्हणून गोंगाटाची अडचणही नव्हती. ऑरिननं त्यांना कधी आवाजावर हलायला शिकवलंच नव्हतं. तो ज्या जगात राहत होता त्या जगात त्यानं त्यांना नेऊन ठेवलं होतं, आणि आता नव्वद हजारांना तिथं शिरता येत नव्हतं.  ह्या माणसाचे मोजे मी इतकी वर्षं उचलले आणि तो काय करतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आणि मग लोंझोनं कोपर चोळलं.

मी उठून उभी राहिले. चेंडूवर वाकण्याआधी त्यानं उजवं कोपर चोळलं, सगळ्यांना दिसेल असं. चौघांनी ते बघितलं आणि जरा उजवीकडं सरकले. समोरचा एक पोऱ्या लपूनछपून उजव्या टोकावरून सुसाट धावत आला आणि थेट त्या पाच जणांच्या भिंतीवर आपटला. दाराशी कुणीतरी आलंय. माझ्या स्वयंपाकघरातली खूण. दर गुरुवारी फरशीवर बसून, कॉर्नब्रेड खात, ती पोरं आमच्याकडं बघत होती ती घराला भुकेली होती म्हणून नव्हे. निदान नुसती तेवढ्यासाठी नव्हे. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं.

"काय झालं गं? रडतेस कशाला?" अर्नेस्टीन माझ्या कानात ओरडली.

"तुझा लोंझो..." मी खाली बोट दाखवलं.

"काय केलं त्यानं? घरी येऊ दे, बघते त्याला!"

मी ऑरिनला शोधलं. तो मैदानाच्या कडेला उभा होता, हेडसेट डोक्यावर, निरुपयोगी. त्याच्यासमोर टीग, मोडलेला पाय प्लॅस्टिकच्या बुटात, मैदानाकडं पाठ आणि तोंड ऑरिनकडं. टीगच्या डोक्यावरही हेडसेट होता. जखमी पोरांना कधीकधी शिकायला म्हणून देतात, तसा त्यानं प्रुइटकडून मागून घेतला होता. प्रुइट पुठ्ठ्याआड बोलायचा आणि टीगचे हात चालायचे. पहिल्यांदा ते हात चालले तेव्हा ऑरिन जागच्या जागी थिजला. मग त्यानं वर, आमच्या कोपऱ्याकडं बघितलं. त्या गर्दीत मी त्याला दिसणं शक्य नव्हतं, पण मी हात वर केला. त्यानं पुन्हा टीगकडं बघितलं आणि मान हलवली, आणि पुढं सबंध सामना त्यानं एकही हुकूम चुकवला नाही.

तिसऱ्या भागात प्रुइटच्या ते लक्षात आलं. आधी तो टीगच्या हातांकडं बघत राहिला. मग ऑरिनकडं. मग त्यानं पुठ्ठा तोंडासमोर धरून काहीतरी म्हटलं, आणि बघितलं. हात हलले, मग ऑरिन हलला. त्यानं पुन्हा काहीतरी म्हटलं. पुन्हा तसंच. प्रुइटनं पुठ्ठा खाली केला.  इतक्या वर्षांचं लपवलेलं सगळ्या मैदानासमोर उघडं पडलं होतं आणि मी वर बसून काही करू शकत नव्हते.

हरलो, अर्थातच. पण पन्नास गुणांनी हरायचे ते दहांनी हरलो, आणि आमची लाईन सबंध सामन्यात एकदाही वेळेआधी हलली नाही. शेवटी शेवटी त्या लोकांचं ओरडणंच मंदावलं. माझ्या खालच्या रांगेतला त्यांचाच एक म्हातारा टोपी काढून उभा होता.

मैदानाखालच्या सिमेंटच्या बोळात, बससमोर, आम्ही घरचे लोक थांबलो होतो. पोरं चिखलानं भरलेली बाहेर आली. ऑरिन आला, माझ्याजवळ उभा राहिला. मागोमाग प्रुइट. तो ऑरिनच्या अगदी पुढ्यात आला, तोंडासमोर काही न धरता.

"किती वर्षं?" त्यानं विचारलं.

"मोंटानापासून," ऑरिन म्हणाला.

"आणि टीगचा घोटा?"

टीग लंगडत पुढं झाला. "कोच, मी ऐकलं होतं. तुम्ही असे ओरडलात की हेडसेटशिवायही ऐकू आलं. ऑरिन कोचनी मला विचारलं, दुखतंय का, मीच नाही म्हणून मान हलवली. मला खेळायचं होतं."

"तू गप रे," ऑरिन म्हणाला. "तुझ्या वयाचं पोर आपणहून बाहेर येत नसतं. म्हणून तर कोच ठेवतात." मग तो प्रुइटकडं वळला. "तुम्ही बोललात आणि मला ऐकू आलं नाही. त्याचा घोटा माझ्यामुळं मोडला. मी हट्टी नाही, कोच. मला ऐकू येत नाही. काहीच येत नाही."

तो ओरडून बोलला. सबंध बोळ वळून बघायला लागला. त्यांचा बँडवाला, बसचा ड्रायव्हर, सगळे. माझा हात सवयीनं नाकाकडं गेला, आणि मी तो खाली घेतला. आयुष्यभरात हे त्यानं पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं. म्हणू दे की मोठ्यानं.

 प्रुइटची हनुवटी हलायला लागली आणि त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. मानी माणूस, पोरांसमोर डोळे पुसणार कसा? भिंतीकडं तोंड करूनच तो बोलला, "सोमवारी सकाळी लवकर या. हे जे ह्या पाच जणांना शिकवलंय, ते सगळ्या टीमला शिकवायचं आहे. मलासुद्धा. हेडसेट टीगकडं राहू दे. आणि टीगची माफी मागा, मीही मागतो. पण मला दुसरा लाईनचा कोच नको."

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ऑरिनला दिसली फक्त पाठ.

मुख्य कोचनं पाठ फिरवली म्हणजे काय, हे तो इतक्या गावांत शिकला होता. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली. कॉलेजच्या जाकिटाची चेन खाली ओढायला लागला. माझ्याकडं बघून हसलासुद्धा, चल, बांध सामान, असं. मी पुढं होणार तेवढ्यात लोंझो आडवा आला. त्यानं आपला तो भलामोठा, चिखलानं भरलेला पंजा पालथा धरला आणि हळूच खाली दाबला. थांबा. बसा इथंच. मग टीगनं तसाच हात धरला. मग बाकीच्या तिघांनी. बोळातल्या त्या पिवळ्या दिव्याखाली पाच पालथे पंजे, सगळे खाली दाबत.

ऑरिननं एकेका हाताकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं. मी हो म्हणून मान हलवली.

तो खाली बसला. खरंच बसला, त्या ओल्या सिमेंटवर, अर्धं जाकीट अंगात आणि अर्धं बाहेर, आणि रडायला लागला. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नव्हतं. आमच्यापैकी कुणी त्याला सांगितलं नाही.